पैसे नको, ऐकून सांगा

छातीला ईसीजीच्या तारा चिकटवलेल्या असताना माणसाने काय करावं? निमूट पडून राहावं. आमच्या गुणवंतराव वानखड्यांनी उशाशी ठेवलेल्या कापडी पिशवीत हात घातला, स्वतःच्या गाण्यांची कॅसेट काढली आणि पडल्या पडल्या डॉक्टरांच्या पुढे धरली. कागदावरची रेघ एकदम वेडीवाकडी झाली. "काका, हलू नका!" डॉक्टर ओरडले. गुणवंतराव हलायचे थांबले, पण कॅसेट काही मागे घेतली नाही. म्हणाले, "पैसे नको. ऐकून सांगा."

त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात मीच नेलं होतं, त्यामुळे हा प्रकार मी डोळ्यांनी पाहिला. हृदय ठणठणीत निघालं. आदल्या दिवशीच्या लग्नात आलू-वांग्याची भाजी चार वेळा घेतल्यामुळे पोटातला वायू वर चढला होता, एवढंच.

"पैसे नको. ऐकून सांगा." हे वाक्य ज्याने ऐकलं नाही तो अमरावतीत नवा आला असं समजावं. रिक्षावाल्याला कॅसेट, गॅसची टाकी आणणाऱ्याला कॅसेट, जनगणनेला आलेल्या बाईंना कॅसेट. हेल्मेट नाही म्हणून अडवणाऱ्या पोलिसालाही त्यांनी कॅसेट दिली. पोलिसाने कॅसेट खिशात घातली आणि दंडही केला. फुकट ते पौष्टिक म्हणतात, पण गुणवंतरावांचं फुकट पचायला जड होतं, कारण पंधरा-वीस दिवसांनी ते तुम्हाला बरोबर गाठायचे. भाजी घेताना, दाढी करताना, मयतीलासुद्धा. जवळ येऊन हळू आवाजात विचारायचे, "दुसरी बाजू कशी वाटली?"

पहिल्या बाजूबद्दल कधीही विचारत नसत. लोकही ठरलेलं उत्तर देत, "एक लंबर, काका!" गुणवंतराव मान हलवत, बारीकसं हसत आणि पुढे जात. त्या डॉक्टरांनी तर पुढच्या खेपेला सांगितलं की दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं त्यांच्या बायकोला फार आवडलं. त्या दिवशी गुणवंतराव रिक्षात घरापर्यंत हसत होते. मला वाटलं, कौतुकाला भुकेलेलं माणूस आहे, सुखावलं.

ते राहतात आमच्या समोरच्या घरात. नोकरीत असताना जिनिंग फॅक्टरीत ग्रेडर होते. गाडीतून कापूस आला की मूठभर उचलायचा, दोन्ही अंगठ्यांच्या चिमटीत धरून हळूच ओढायचा आणि धागा किती लांबीचा आहे ते सांगायचं, जितका लांब तितका कापूस चांगला. निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली तरी ती बोटं स्वस्थ बसत नाहीत. बोलता बोलता तुमच्या सदऱ्याची बाही चिमटीत धरतात आणि "मिक्स हाये" म्हणून सोडून देतात. जगातल्या सगळ्या गोष्टींचं मोजमाप त्यांच्याकडे या एकाच मापाने होतं. पुढाऱ्याचं भाषण आखूड धागा. जावयाचा स्वभाव मध्यम धागा. मी शाळेतून निवृत्त झालो तेव्हा केलेल्या भाषणाला त्यांनी "सरकीसकट" असा शेरा दिला, म्हणजे अजून सरकी काढायची बाकी आहे. छत्तीस वर्षं भूगोल शिकवलेल्या माणसाला हा शेरा लागला, आणि अजून लागलेलाच आहे.

त्या कॅसेटचं नाव 'बोंडातलं चांदणं'. गीत, संगीत आणि गायन गुणवंत वानखडे. कव्हरवर त्यांचा फोटो आहे. फोटोग्राफरने हसू नका सांगितलं असावं, कारण त्यात ते इतके गंभीर दिसतात की बऱ्याच जणांनी कॅसेट हातात घेऊन आधी "केव्हा गेले?" असं विचारलेलं आहे.

रेकॉर्डिंग अकोल्याला झालं होतं, भर मे महिन्यात. शहाणा माणूस मे महिन्यात अकोल्याला जात नाही आणि गायला तर मुळीच जात नाही. पण स्टुडिओवाल्याकडे तारखा तेवढ्याच मोकळ्या होत्या. स्टुडिओ म्हणजे भिंतींना गाद्या ठोकलेली एक खोली. पंख्याची घरघर टेपवर येते म्हणून पंखा बंद. दर गाण्यानंतर ढोलकीवाला डोक्यावर ओला टॉवेल पिळून घ्यायचा. "सर, दहा गाने म्हनले अन् चार किलोनं उतरलो," हे गुणवंतराव आजही अभिमानाने सांगतात.

हजार कॅसेटी खोक्यांतून घरी आल्या, त्यातली पहिली मला मिळाली. शेजारधर्म. त्याला आता सत्तावीस वर्षं झाली. मी तेव्हा नवव्या वर्गाच्या पेपरांत गळ्यापर्यंत बुडालेलो, आणि आमचा टेपरेकॉर्डर दुरुस्तीला गेलेला. सकाळी त्यांनी कॅसेट दिली आणि संध्याकाळी गुणवंतराव आमच्या फाटकात उभे. अंगात नुसतं बनियन, पायात चप्पल नाही, चेहरा कसनुसा. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं. मला वाटलं, बिचारा अभिप्राय विचारायला आला. नव्या कलावंताला ताटकळत ठेवू नये म्हणून मीच घाईघाईने म्हणालो, "ऐकली हो, गुणवंतराव! दोन्ही बाजू ऐकल्या. दुसरी तर पहिलीपेक्षा सरस!"

त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं. मग हळूहळू मिटलं. "असं?" एवढंच म्हणाले आणि परत गेले. आनंदाने वाचा बसली म्हणतात ती अशी, असं मी बायकोला सांगितलं.

पुढे हा माणूस कॅसेटी विकेल अशी आमची समजूत होती. नंतर फुकट वाटायला लागल्यावर गल्लीत दोन तट पडले. एक म्हणे दानशूर, दुसरा म्हणे डोकं फिरलं. विमलवहिनी, म्हणजे त्यांची बायको, दुसऱ्या तटात. "वाटून टाका एकदाचे ते डबे," त्या ओरडायच्या, "दिवानाखाली झाडू घालाले जागा नाई!" त्यांना त्या गाण्यांचं काही कौतुक असेल असं मला कधी वाटलं नाही. गुणवंतराव घरात गुणगुणायला लागले की वहिनी भांडी जरा जोरात आपटतात, हे मी समोरच्या ओट्यावरून वर्षानुवर्षं ऐकत आलो आहे.

एकदा आम्ही दोघं शेअर जीपने परतवाड्याला चाललो होतो. जीपमध्ये चौदा माणसं आणि एक कोंबडी. गुणवंतरावांनी ड्रायव्हरशेजारची जागा धरली आणि गाडी सुरू होण्याआधी कॅसेट त्याच्या टेपमध्ये सारली. मी पार मागे होतो. मला इंजिनाच्या आवाजातून ढोलकी तेवढी ऐकू आली. पाचवं गाणं संपता संपता गुणवंतराव पुढे वाकले, कॅसेट बाहेर ओढली आणि ड्रायव्हरच्या हातात दिली.

"काहून काढली, काका?" ड्रायव्हर म्हणाला. "हा टेप आपोआप पलटी खाते. दुसरी बाजू लागली असती ना आता."

"राहू दे बापू. दुसरी बाजू घरी जाऊन निवांत ऐक. पैसे नको, ऐकून सांग."

"बरं झालं बाप्पा," मागच्या सीटवरची एक म्हातारी म्हणाली, "कोंबडी बिचकून राह्यली होती."

दुसरा प्रसंग दर्यापूरच्या रस्त्यावरचा. वहिनींचं माहेर तिकडचं, त्यामुळे त्या भागात कॅसेटींचा सुकाळ. आम्ही एका लग्नाहून परतत होतो. रस्त्याच्या कडेच्या वावरात ज्वारी दाण्यावर आली होती आणि पाखरं उडवायला वावरवाल्याने कॅसेटची फीत काठ्याकाठ्यांना बांधून ताणलेली होती. वाऱ्यावर ती भुंग्यासारखी गुणगुणत होती. बांधावर रिकामं कव्हर पडलेलं. कव्हरवर ते गंभीर गुणवंतराव.

मी तोंड फिरवलं. गुणवंतराव मात्र गाडी थांबवून उतरले. वावरवाला लगबगीने आला, त्याने यांना ओळखलं आणि तो भलताच ओशाळला. यांनी शांतपणे विचारलं, "दुसरी बाजू कशी वाटली?"

"लय मस्त, काका!" तो म्हणाला. त्याच्या पाठीमागे अख्खी कॅसेट वाऱ्यावर वाजत होती.

गाडीत बसल्यावर त्यांनी काच खाली केली. मग म्हणाले, "जाऊ द्या सर. वाऱ्यानं तरी पुरी ऐकली."

मला वाईट वाटलं होतं, हे कबूल करतो. पण मी तरी काय तोंडाने बोलणार? तोपर्यंत त्यांनी मला आणखी तीन कॅसेटी दिल्या होत्या, माझ्या पाहुण्यांसाठी म्हणून, आणि त्या चारही आमच्या काचेच्या कपाटात नकाशांच्या गुंडाळ्यांमागे होत्या. टेपरेकॉर्डर केव्हाच दुरुस्त होऊन आला होता. ऐकू, ऐकू म्हणता राहून गेलं. फुकट मिळालेल्या गोष्टीला घाई नसते.

आणि बघता बघता गाणं ऐकण्याची रीतच बदलली. आमच्या तरुणपणी गाण्यांची यादी हाताने लिहून दुकानात द्यावी लागे. दुकानदार ती गाणी कोऱ्या कॅसेटमध्ये भरून द्यायचा, आठ दिवसांनी. माझ्या लग्नानंतरची पहिली यादी मी आणि बायकोने मिळून केली होती. अठरा गाणी लिहिली आणि मावत होती बारा. कोणती सहा कापायची यावर आमचं पहिलं भांडण झालं, आणि ते इतकं गोड होतं की पुढची सगळी भांडणं त्याच्यापुढे फिकी पडली. बायको जाऊन सहा वर्षं झाली. ती कॅसेट अजून आहे, यादीही आहे. कापलेल्या सहा गाण्यांवर तिने पेन्सिलीने बारीक फुल्या मारल्या होत्या, त्याही आहेत.

मग सीड्या आल्या, बसस्टँडवर ढिगाने मिळू लागल्या. त्या गेल्या आणि मोबाइलच्या दुकानांवर 'मेमरी कार्ड भरून मिळेल' अशा पाट्या लागल्या. चटणी-मीठ भरावं तशी पाचशे गाणी पाच मिनिटांत भरून मिळायची. आता त्याही पाट्या उतरल्या. गाणं हवेत आहे, बोट लावलं की येतं. गुणवंतराव म्हणतात, "पयले गानं मिळवाले आठ दिवस लागे अन् ऐकाले वरीस पुरे. आता मिळवाले काईच लागत नाई, अन् ऐकाले कोनाले टाइम नाई."

त्यांनी वाटप मात्र थांबवलं नाही. समोरच्याच्या घरी कॅसेट वाजवायचं यंत्र आहे की नाही याची चौकशी ते पूर्वीही करत नसत, आताही करत नाहीत. गेल्या दिवाळीत मोबाइलच्या दुकानातल्या एका मुलीला त्यांनी कॅसेट दिली. तिने ती उलटीपालटी करून पाहिली, भोकात बोट घालून फिरवली आणि पर्समध्ये ठेवली. महिन्याभराने यांनी विचारलं. मुलगी म्हणाली, "सुपर, आजोबा! दुसरी बाजू तर मी रोज ऐकते."

एका सकाळी गुणवंतराव वर्तमानपत्र घेऊन तरातरा आमच्याकडे आले. परदेशातल्या कुठल्याशा गायकांनी आपला नवा अल्बम लोकांना फुकट देऊन टाकल्याची बातमी आतल्या पानावर होती.

"वाचलं? आपलीच लाइन धरली त्यायनं! सत्तावीस वर्षांनी का होईना, जगाले सुचलं." मग बातमी पुन्हा चष्म्याजवळ नेऊन म्हणाले, "पन सर, दुसऱ्या बाजूचं काई लिवलं नाई याच्यात."

"गुणवंतराव, आता बाजू नसतात," मी म्हणालो. "सगळी गाणी एकामागून एक येतात."

"बाजूच नाई?"

"नाही."

ते खाली बसले. त्यांनी माझी बाही चिमटीत धरली, पण निकाल दिला नाही. म्हणाले, "मंग ऐकनाऱ्याले आवडलं हे कसं समजनार? पैली बाजू संपली की मानूस उठते, कॅसेट पलटवते. न आवडली तं उठत नाई. उठून पलटवली म्हंजे समजाचं का गानं पोचलं. आता उठाचंच काम नाई, तं पोचलं का नाई, कोन सांगीन?"

ते इतकं मनापासून बोलले की माझ्याच्याने राहवलं नाही. निवृत्तीनंतर मी फोनवर बऱ्यापैकी हात बसवला आहे. म्हटलं, "तुमची कॅसेट मी इंटरनेटवर टाकतो. जगात कोणीही ऐकेल. फुकट."

गुणवंतराव एकदम सावध झाले. "पैल्या बाजूचे पाच टाका. तेवढे पुरे हायेत."

"असं कसं? दुसरी बाजू तर सरस आहे!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चष्म्यातून, मग चष्म्याच्या वरून. आणि हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "टाका मंग," ते म्हणाले. "दोनी बाजू टाका, सर."

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून मी माळ्यावरचा जुना टेपरेकॉर्डर उतरवला, पुसला, कपाटातून एक कॅसेट काढली. फोनचं रेकॉर्डिंग सुरू करून तो टेपसमोर ठेवला आणि बटण दाबलं.

सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा मी ती गाणी ऐकली. आणि मी काय सांगू? चांगली होती हो. खरोखर चांगली. पहिलं विठ्ठलाचं, कमरेवर हात ठेवून उभं राहण्यापेक्षा जरा वखर हाणायला ये म्हणून त्याला बोलावलेलं. मग गावच्या नदीचं, बैलाचं, आठवडी बाजाराचं. पाचवं आईचं. आवाज गोड नव्हता, थोडा घोगरा होता, पण खोटा सूर कुठे नव्हता. हाच माणूस सत्तावीस वर्षं माझ्या समोरच्या घरात राहतोय, रोज माझ्याशी बोलतोय, आणि मी त्याला एकदाही ऐकलं नाही. मला स्वतःची लाज वाटली.

बाजू संपली. खटका पडला. मी उठलो आणि कॅसेट पलटवली. उठताना त्यांचं बोलणं आठवलं आणि बरं वाटलं, की चला, उशिरा का होईना, एका माणसापर्यंत पोचलं.

दुसऱ्या बाजूला नुसती खरखर.

वाटलं, सुरुवातीची मोकळी फीत असेल. थांबलो. पुढे सरकवली. खरखर. शेवटापर्यंत नेली. खरखर. दुसरी कॅसेट लावली, मग तिसरी, मग चौथी. चारही कॅसेटींच्या दुसऱ्या बाजूला एक अक्षर नव्हतं.

मी खुर्चीवर बसलो. डॉक्टरांची बायको आठवली, पर्समध्ये कॅसेट ठेवणारी मुलगी आठवली, जीपमध्ये पुढे वाकलेले गुणवंतराव आठवले. मग फाटकात उभा असलेला, बनियनवरचा, उघड्या तोंडाचा माणूस आठवला, आणि त्या संध्याकाळी तो काय सांगायला आला होता हे मला कळलं.

समोर गेलो. गुणवंतराव दिवाणावर बसले होते. स्वयंपाकघराच्या दारात वहिनी अंबाडी निवडत होत्या.

"गुणवंतराव, माझी तक्रार आहे."

"कशाची?"

"कॅसेटची. दुसरी बाजू कोरी आहे. तिच्यावरची गाणी कुठे आहेत?"

वहिनींचे हात थांबले. गुणवंतरावांनी चष्मा काढला, धोतराला पुसला, पुन्हा घातला.

"पुना म्हना, सर."

मी पुन्हा म्हणालो.

"झाले का सत्तावीस वर्षं?" त्यांनी वहिनींना विचारलं.

"पुरे झाले," वहिनी म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. कॅसेटी भरून देणाऱ्याकडून चूक झाली. एकच बाजू उतरली, हजारच्या हजार कॅसेटींवर. त्याच्याकडे धावत जावं तर त्याने मूळ टेपवर तोवर एका बँडपथकाचं वादन भरून टाकलं होतं. त्याचं नाव गुणवंतरावांनी तेव्हाही कोणाला सांगितलं नाही.

"म्हणून फुकट वाटल्या?"

"अर्धी गाडी कापूस देऊन पुऱ्या गाडीचे पैसे कोन घेते, सर?"

"पण लोकांना सांगायचं तरी!"

"सांगालेच आलो होतो ना. पैल्या दिवशी, तुमच्या फाटकात. तुमी म्हनले, दुसरी तं पैलीपेक्षा सरस." ते हसले, पण त्या हसण्यात राग नव्हता. "मले वाटलं, एक मानूस चुकला असन. दुसऱ्याले इचारलं, त्यालेबी आवडली. मंग सांगू कोनाले? ज्याले त्याले आवडूनच राह्यली होती!"

"आणि पुन्हा रेकॉर्डिंग?"

"तेच तं. मी ठरवलं होतं, एक तक्रार येऊ द्याची. एक मानूस असा यावा का जो म्हनन, गुणवंत्या, दुसरी बाजू कुठी हाये, मले ऐकाची हाये. त्या दिवशी बॅग भरून अकोल्याले जाचं. बॅग तयार होती, सर. इचारा हिले."

"पाच वर्षं होती," वहिनी म्हणाल्या. "मंग मीनं तिच्यात स्वेटरं ठेवले."

मी माफी मागितली. ते म्हणाले, "माफी कशाची? तक्रार केली ना तुमी."

"मग तक्रार पुरी करा. म्हणा ती गाणी. आत्ता."

"आता? आवाज गेला, सर. सुताचा पार चोथा झाला."

"सावकाश म्हणा. मले तरी कुठे घाई आहे," मी म्हणालो. इतक्या वर्षांत मी त्यांच्यापुढे पहिल्यांदा 'मले' म्हणालो असेन. फोन काढला, सुरू केला आणि आमच्या दोघांमध्ये ठेवला.

त्यांनी दिवाणाखालून खोकं ओढलं. शेवटच्या तेरा कॅसेटी होत्या त्यात. खोकं मांडीवर घेतलं, बोटांनी त्यावर ठेका धरला आणि डोळे मिटले.

पहिली बाजू देवाची, गावाची होती. ही सगळी घरातली निघाली. चुलीचं गाणं, रुसव्याचं गाणं, पाळण्याचं, आजारपणात रात्रभर उशाशी बसलेल्या माणसाचं. आवाज फाटत होता, वरचा सूर लागत नव्हता, तो ते हाताने वर दाखवून पुढे जात होते. मी हललो नाही. पाचवं गाणं कापूस वेचणाऱ्या पोरीचं होतं.

"वेचून वेचून बोटं दुखली, ओटी भरली नाई,
बांधावरती उभा कोन तो..."

गुणवंतराव अडले. पुन्हा सुरुवातीपासून म्हटलं, पुन्हा तिथेच अडले. बोटं खोक्यावर ठेका देत राहिली, शब्द येईनात. डोळे उघडून ते माझ्याकडे बघायला लागले, जसे काही ते मला माहीत असणार होते.

स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला. "बोलत काहून नाई?"

वहिनींनी ते नुसतं म्हटलं नाही, सुरात म्हटलं. बारीक, कोरड्या, पण नेमक्या सुरात. मान खालीच होती, हात अंबाडीत होते. गुणवंतरावांनी ओळ उचलली आणि पुढचं सगळं कडवं न अडखळता पूर्ण केलं. दर वेळी तो शेवटचा तुकडा आला की ते थांबायचे, आणि दारातून तो यायचा.

गाणं संपलं. मग वहिनीच म्हणाल्या, "आमच्या वावरातला कापूस पाहाले येत हे, फॅक्टरीकडून. बांधावर उभे राहत, अन् धागे वढत बसत. दोन वेचे झाले, तवा कुठी तोंड उघडलं."

"वहिनी, तुमचा आवाज रेकॉर्ड झाला मध्ये," मी फोन उचलत म्हणालो. "तो कापून टाकता येईल मला."

"नाई!" गुणवंतराव जवळजवळ ओरडलेच. मग हळू म्हणाले, "ते राहू द्या, सर. बाकी काय कापाचं ते कापा."

वहिनी उठून आत गेल्या. या वेळी भांड्यांचा आवाज आला नाही.

गुणवंतरावांनी खोकं पुन्हा दिवाणाखाली सारलं. पुढे सरकून माझी बाही चिमटीत धरली, आणि डोळ्यांत तोच जुना मिश्किलपणा आणून हळूच विचारलं, "दुसरी बाजू कशी वाटली?"

सत्तावीस वर्षं या प्रश्नाचं उत्तर माझ्या जिभेवर तयार असायचं. आज तेच ओठांवर आलं, आणि मी तोंड मिटून घेतलं.

आतून चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ वहिनींचा.

"आता तरी खरं सांगा, भाऊजी."